निकाल उभ्यानं ऐकायचा

वकीलआप्पा कुठलाही निकाल बसून वाचत नसत. आरोपी बिचारा उभा राहून ऐकतो, मग वाचणाऱ्यानं खुर्चीत का रेलावं, असं त्यांचं म्हणणं. पेपरात कुणाला शिक्षा झाल्याची बातमी दिसली, तरी हातातला चहा ठेवून उठायचे. कोल्हापूरच्या कोर्टात जन्मभर फौजदारी चालवलेला हा माणूस आमच्या समोर राहायचा. आवाज असा, की गुपित सांगायला लागले तरी गल्ली गोळा व्हायची.

माझा धाकटा भाऊ सुहास अमेरिकेत असतो. तिथं एका हॉटेलाबाहेरच्या मारामारीत पोलिसांनी त्याला धरलं. "मी सोडवायला गेलो होतो, केस संपली," एवढंच त्यानं सांगितलं. पण एका नातेवाइकानं इंटरनेटवरून तिथल्या कोर्टाचा कागद काढून बाबांपुढे ठेवला. वर सुहासचं नाव, खाली मारहाणीचा आरोप. "पैसे चारून मिटवली असणार," बाबा म्हणाले आणि त्यांनी सुहासचा फोन घेणंच सोडलं. आई झुरायला लागली.

शेवटी मी तो कागद आप्पांकडे नेला. त्यांनी तो वाचला, आणि ते बसूनच राहिले!

"पोरी, ह्यो आरोपाचा कागद हाय. निकाल कुठं हाय? सुपारी फुटली न्हाय तवर बारशाचं जेवान वाढतोय व्हय तुझा बाप?"

मी त्या कोर्टाला मेल करून सगळे कागद मागवले. ते आले, तशी मी ते घेऊन आप्पांकडे धावले. आप्पांनी शेवटचं पान बघितलं, डोळे चमकले, पण उठले नाहीत. "मला वाटतंय सुटला. पर त्यांचा कायदा येगळा. तिथल्या मानसाला इचारू की." त्यांच्या एका जुन्या ज्युनिअरची मुलगी त्याच राज्यात वकिली करते. आम्ही कागद तिला पाठवले.

दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं, आणि आप्पा कागद नाचवत आमच्या घरात शिरले. "उभं ऱ्हावा समदी! दत्ता, तू पन!" ते बाबांना म्हणाले. "बसून ऐकायला कीर्तन हाय व्हय? आन त्या पोराला फोन लाव."

मी व्हिडिओ कॉल लावला. "सुहास, ऊठ!" आप्पा गरजले. तिकडे तोही गडबडून उभा राहिला. "सरकारी वकिलानंच आरोप मागं घेतलेत. कोर्टानं खटला काढून टाकलाय. शिक्षा न्हाय, दंड न्हाय. पोरगं खरं बोललंय, दत्ता!"

मी आनंदानं अक्षरशः उड्या मारल्या. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "जेवलास का रं?" एवढंच त्यांना विचारता आलं.

मागच्या हिवाळ्यात आप्पा गेले. सुहास आला, तो घरी बॅग टाकून तडक समोर गेला. आप्पांच्या पत्नीनं, काकूंनी, खुर्ची पुढे केली. आप्पांच्या फोटोसमोर तो बराच वेळ उभाच होता. बाबाही त्याच्या शेजारी उभे होते.