दहा बोटांची खूण

बारावीच्या मुलांना केमिस्ट्रीत सगळ्यात अवघड काय जातं, या प्रश्नावर लॅबकाकांइतकं ठाम मत शाळेत दुसऱ्या कुणाचंच नव्हतं. केमिस्ट्रीच्या बाई म्हणायच्या, मोल. चिमूटभर पावडरीत किती अब्ज कण असतात, हे पोरांच्या डोक्यात शिरतच नाही. पोरं म्हणायची, ऑरगॅनिक. रात्री पाठ केलेलं सकाळी एकमेकांत मिसळून बसतं. काका फ्लास्क घासता घासता मान हलवायचे. त्यांच्या मते अवघड होतं ते थांबणं. ब्युरेटच्या नळीतून जांभळं परमँगनेट थेंब थेंब सोडायचं. खालच्या फ्लास्कमधल्या ॲसिडात प्रत्येक थेंबाचा रंग विरून जातो, आणि मग एका थेंबाला तो विरत नाही, फिकट गुलाबी तसाच राहतो. तिथं थांबायचं आणि नळीवरचा आकडा लिहायचा. पोरं एक तर आधीच थांबतात, नाहीतर पार पुढं निघून जातात.

हे मत काकांना फुकटात मिळालेलं नव्हतं. ते स्वतः बारावीला याच विषयात दोनदा आपटले होते, आणि मग चौतीस वर्षांपूर्वी याच शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले. ज्या विषयानं दारातून हाकललं, त्याच्याच घरी भांडी घासायला राहिलो, असं ते हसत सांगायचे. हसत सांगायचे खरे, पण परीक्षेच्या दिवशी एखादं पोर घाबरलेलं दिसलं की त्यांना अजून स्वतःचा दुसऱ्यांदाचा निकाल आठवायचा.

त्या आठवणीपायीच खूण सुरू झाली. परीक्षेचं ॲसिड काका स्वतः तयार करायचे. दरवर्षी तेच ॲसिड, तेवढंच वजन, तेवढंच पाणी. त्यामुळे आकडाही दरवर्षी तोच यायचा, दहा. परीक्षा चालू असताना काका फडकं घेऊन टेबलांमधून फिरायचे, आणि परीक्षकांची पाठ वळली की फडकं खांद्यावर टाकून दोन्ही पंजे क्षणभर उघडायचे. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, इथं बोटांवरच भागायचं. बाईंना हे माहीत नव्हतं असं नाही. त्या अशा वेळी खिडकीबाहेर काहीतरी बघायच्या. स्वतः आधी प्रयोग करून आकडा काढणं हे खरं तर त्यांचं काम, पण त्यांनीही ते कधीच सोडून दिलं होतं.

"काका, दहाच ना?" एवढंच त्या विचारायच्या.

"दहाच."

यंदाचे परीक्षक दुसऱ्या शाळेतून आलेले, कडक इस्त्रीचे. मुलं वीस. एकोणीस जणांनी खूण टिपली आणि वह्यांत दहा उतरवलं. राहिली ती तिसऱ्या टेबलावरची चष्मेवाली. ही गेल्या वर्षी याच विषयात नापास झालेली. यंदा नाही जमलं तर शिक्षण बंद, मोठ्या बहिणीच्या शिलाईच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरलं होतं. तिनंच एकदा पिपेट धुताना काकांना सांगितलं होतं. म्हणून काकांनी तिला पंजे एकदा नाही, दोनदा दाखवले. तिनं बोटांकडे बघितलं, ब्युरेटकडे बघितलं, आणि पुन्हा पहिल्यापासून प्रयोग करायला घेतला. वहीत लिहिलं, चौदा, चौदा, तेरा पूर्णांक नऊ.

"चार मिलीलिटरचा फरक?" परीक्षक म्हणाले. "ब्युरेट हातानं चालवलीस का पायानं?"

त्यांनी पानावर आडवी रेघ ओढली. एवढ्या एका प्रयोगाचे गुण गेले म्हणजे मुलगी गेलीच. ती चष्मा पुसत बाहेर पडली.

काकांना तिचा रागच आला. आयतं ताटात वाढून दिलं, तरी हिचा हात तोंडाकडे जाईना. सगळे गेल्यावर टेबलं पुसताना तो राग काही निवेना. शेवटी त्यांनी मोठ्या बाटलीत उरलेलं ॲसिड घेतलं, गरम केलं, ब्युरेट भरली आणि स्वतः बसले. कुणाला दाखवायचं नव्हतं, आपलं आपल्यालाच. दहापाशी रंग विरला. काकांनी फ्लास्क हलवला, आणखी थेंब सोडले. अकराला विरला. बाराला विरला. तेराला विरला. चौदाला गुलाबी आलं, आणि टिकलं.

त्यांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा चौदा.

मग ते कपाटाकडे गेले, चष्मा लावला आणि ॲसिडची बरणी उजेडात धरली. बरणी नवी होती. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, निर्जल. दरवर्षी यायचे ते खडे, त्यांच्या पोटात पाणी असतं. ही होती कोरडी पावडर. तेवढंच वजन घेतलं की ॲसिड जवळजवळ दीडपट पडतं. चौतीस वर्षांच्या सवयीनं काकांनी वजन तोंडपाठ घेतलं होतं, लेबल वाचलंच नव्हतं. मुलगी बरोबर होती. चुकले होते ते काका, आणि त्यांच्या भरवशावर बाकीचे एकोणीस.

बेसिन दोन पावलांवर होतं. उरलेलं ॲसिड ओतून दिलं, नळ सोडला, की संपलं. कुणी विचारणार नव्हतं. निवृत्तीला अकरा महिने उरले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. काकांनी बाटली उचलली, बेसिनपर्यंत नेली, परत आणून ठेवली. पुन्हा उचलली. मग एकदाची कपाटात कोंबून कुलूप लावलं, आणि दारातून परत येऊन कुलूप ओढून पाहिलं.

घरी त्यांना बसवेना. उठायचे, खिडकीशी जायचे, पाणी प्यायचे, परत यायचे.

"अहो, तिसरा तांब्या," बायको म्हणाली. "झालंय काय?"

काकांनी सगळं सांगितलं, खुणेसकट. तिनं ऐकून घेतलं.

"मग त्या पोरीला सांगितलंत का, तुझं बरोबर होतं म्हणून?"

"तिला कसं सांगू? ती तर तेव्हाच गेली."

"म्हणजे आज ती घरी चूक म्हणूनच गेली," बायको म्हणाली, आणि रिकामा तांब्या भरायला आत गेली. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

सकाळी काका शिपायाच्याही आधी शाळेत हजर झाले. गुणांचं पाकीट अकराला जायचं होतं. बाई आणि परीक्षक आल्याबरोबर त्यांनी टेबलावर बरणी ठेवली, बाटली ठेवली, आणि बोलायच्या आधी ब्युरेटच भरली. परीक्षक आधी घड्याळ बघत होते, मग फ्लास्क बघू लागले. चौदाला गुलाबी आलं.

"वजन माझं चुकलं साहेब," काका म्हणाले. "त्या मुलीनं बरोबर लिहिलंय."

परीक्षकांनी बरणीचं लेबल वाचलं, दोनदा वाचलं. पाकीट फोडलं. चष्मेवालीच्या पानावर नवे गुण लिहून सही केली. काकांचा श्वास आत्ता कुठं मोकळा होत होता, तेवढ्यात परीक्षकांनी बाकीचे कागद पुढं ओढले.

"मग या एकोणीस जणांना दहा कसं आलं?"

रात्रभर कूस बदलताना काकांना हा प्रश्न सुचलाच नव्हता. उत्तर मात्र तयार होतं, जिभेवरच होतं. पोरांनी एकमेकांचं बघून लिहिलं असेल. एवढं म्हटलं की काका सुटले असते. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

काकांनी फडकं खांद्यावर टाकलं, दोन्ही हात वर केले आणि पंजे उघडले.

"असं," ते म्हणाले. "बरीच वर्षं."

एकोणीस जणांची परीक्षा पुढच्या आठवड्यात पुन्हा झाली. काकांना लेखी ताकीद मिळाली, नोंद झाली, आणि त्या दिवशी प्रयोगशाळेत पाऊल टाकायची मनाई. बाईंनी आदल्या दिवशी स्वतः बसून आकडा काढला आणि तो कुणालाच सांगितला नाही. काका बाहेर स्टुलावर बसले. आत जाणारी पोरं त्यांच्याशी बोलली नाहीत. त्यांचं तरी काय चुकलं, काकांनीच त्यांना लुळं करून ठेवलं होतं.

चष्मेवालीला यायची गरज नव्हती, तरी ती आली आणि शेजारच्या बाकावर बसली.

"तुम्ही दहा दाखवलंत तेव्हा वाटलं, माझे डोळेच गेले," ती म्हणाली. "रडूच येत होतं."

"मग चौदा कसं लिहिलंस गं?"

"तीनदा तेच दिसलं, काका. मग दुसरं काय लिहिणार?"

दाराच्या काचेतून आतल्या एका पोरानं सवयीनं त्यांच्याकडे बघितलं. काकांनी दोन्ही हात खिशात घातले आणि मान वळवली.

"तुझ्या बहिणीला सांग," ते मुलीला म्हणाले, "दुकानासाठी दुसरं कुणीतरी बघ म्हणावं."