मेसेजला कौल

आमच्या वेळी शाळेत पुस्तकांची एकच पेटी होती आणि तिची किल्ली गुरुजींच्या जानव्याला. म्हणजे पुस्तक हवं तर गुरुजींना सदरा वर करायला सांगायचा धीर पाहिजे. मी सातवीपर्यंत शिकलो, पण तेवढा धीर काही झाला नाही.

माझी नात गौरजा सहावीत आहे. तिच्या शाळेत पुस्तकांना चांगली खोली आहे, खोलीला खिडक्या आहेत आणि खिडकीशी आपोलिना बाई बसलेल्या असतात. आपोलिना म्हणजे बाबुश पाववाल्याची मुलगी. बाबुश आमचा मित्र, माझा आणि शेजारच्या मधूचा. पहाटे त्याच्या सायकलचा भोंगा वाजला की आधी आमचा कुत्रा उठायचा, मग मी. गोव्यात मावशीकडे राहून पोरगी ग्रंथपालाचं शिकली. तिथेच नोकरी लागत होती, तर म्हणाली, "पप्पाचो पाव माका थंय खंय मेळतलो?" आणि आली परत. तीन वर्षांपूर्वी बाबुश गेला, भट्टी थंडावली. पोरगी मात्र इथेच राहिली.

ही बाई पोरांना मोबाइलवरचं वाचायला शिकवते. मी म्हटलं, "अगो बाय, मोबाइल तर ती पोटातसून शिकान येतत!"

"काका, बोट फिरवूक शिकान येतत. थांबूक शिकवचा लागता."

आता आमच्याकडे मोठं काम निघालं की आधी देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला फुलांचे कळे चिकटवतो. उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. विचारल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. बाईंनी तेच उचललं. पोरांना म्हणाल्या, आलेल्या मेसेजलाही कौल लावा. कोणी सांगितलं? कधीचं आहे? आणखी कोणी पाहिलंय? तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत पुढे धाडायचं नाही. गौरजा घरात आम्हा सगळ्यांना कौल लावू लागली. आमच्या हिने सांगितलं, दूध मांजराने सांडलं. तर पोरगी विचारते, आणखी कोणी पाहिलं?

एकदा बाईंनी पोरांना मधूच्या तांबू गायीचे दोन फोटो काढायला लावले. एक खालून, पुढून. तांबू हत्तीएवढी! दुसरा मागून, बरगड्या दिसतील असा. तांबू दुष्काळातली! गाय तीच, दावं तेच, वेळही तीच. फोटो खोटं न बोलताही कसा फसवतो ते पोरांना समजलं. मधूला मात्र ते फोटो शाळेच्या भिंतीवर दिसले.

"माझ्या गायची अब्रू घालवल्यात!" म्हणून तो तणतणत निघाला, आणि त्या दिवसापासून बाईंशी बोलणं बंद.

हे असं असताना गावपळणीचा मेसेज आला.

गावपळण म्हणजे काय, ते लांबच्यांसाठी सांगतो. चार-पाच वर्षांनी, देवदिवाळीच्या सुमारास देव कौल देतो, नगारा वाजतो आणि अख्खा गाव वेशीबाहेर राहायला जातो. माणूस, गुरं, कोंबड्या, सगळं. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळेच. वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे खोपटी घालायची, रात्री गाणी, गप्पा-गजाली, आणि तीन दिवसांनी परत. आमच्या पोरपणी जत्रेपेक्षा आम्ही हिची वाट पाहायचो.

देवदिवाळी जवळ आली होती, मागची पळण होऊनही चार वर्षं झालेली. सगळ्यांचे कान नगाऱ्याकडेच. त्यात मोबाइलवर देवळासमोरच्या गर्दीचा फोटो, खाली मजकूर: कौल झाला, उद्या सकाळी नगारा, गाव सोडा. झालं! आमच्या हिने भांडी बांधली, मी कोंबड्यांच्या मागे धावलो. आणि मधूची तांबू? तिचे दिवस भरलेले. आज व्यायची की उद्या, एवढाच प्रश्न. पण गावात जनावर ठेवायचं नाही. उद्याच्या घाईत ती चालायची नाही, म्हणून मधूने डोळे पुसले आणि आजच दावं सोडलं.

शाळेच्या फाटकासमोर तांबू बसली. उठेना. मधू तिच्या पाठीवरून हात फिरवत विनवतोय, "ऊठ गो माझे आये, वहाळापर्यंत चल." मी मागून ढकलू की नको अशा विचारात. आतून पोरं आली, पोरांच्या मागे बाई.

"मधूकाका, अशा अवस्थेत खंय व्हरतास तिका?"

"तुका मेसेज इलो नाय?"

"इलो."

"मगे? देवाच्या कामात तू पडू नको. तुझो देव वेगळो."

हे मधूने बोलायला नको होतं. दर पळणीत बाबुशचं खोपटं मधूच्या खोपटाला लागूनच असायचं. पण बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "देवाक मी काय म्हणूक नाय, काका. मेसेजाक विचारतंय."

गौरजा पुढे झाली. "मधूआजोबा, तुमका कोणी धाडल्यान?"

"इन्सुली गावच्या माझ्या भाच्यान."

तिने फोन लावायलाच लावला. भाचा म्हणाला, "माका ग्रुपवर इलो, मामा. माका वाटला, तुमका ठाऊक असतला!"

"आणि माका वाटला, तुका ठाऊक असतला!" मधू ओरडला.

मग वर्गातल्या मिहीरने फोटो दोन बोटांनी मोठा करायला घेतला. देऊळ, दीपमाळ, गर्दी, गर्दीच्या कडेला एक सायकल. बाईंनी एकदम त्याचा हात धरला.

"थांब रे. थंयच थांब."

सायकलला पावाची टोपली. टोपलीवर हात ठेवून बाबुश उभा, नगारा ऐकत, तोंड किंचित उघडं. मधूने फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब केला.

"हो तर आमचो बाबुश! सकाळपासून धा वेळा बघलंय मी हो फोटो. माका कसो दिसलो नाय?"

"तुम्ही नगारो बघी होतास, काका," बाई हळूच म्हणाल्या.

म्हणजे फोटो मागच्या पळणीचा. तरी बाईंनी तिसरा प्रश्न सोडला नाही. देवेश गुरवाला फोन लावायला लावला. तो वैतागून म्हणाला, "कौल? अजून देवाक विचारूकच नाय! आणि माका विचारणारे तुम्ही पयले. बाकी गाव भांडी बांधता."

तांबूला आम्ही धीराधीराने परत नेली. एका बाजूला मधू, एका बाजूला बाई. सांजवेळी ती आपल्याच गोठ्यात व्याली. पाडी झाली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली.

दुसऱ्या दिवशी मधू खरवसाचं पातेलं घेऊन शाळेत हजर. आधी पोरांना दम भरला, "पाडीचो फोटो काढूक येवा. पण पुढसून!" मग बाईंच्या टेबलाशी जरा घुटमळला. "आपोलिना, तो बाबुशचो फोटो माझ्याकडसून पुसलो गेलो. माका धाडशीत?"

बाईंनी गर्दी कापली, सायकल आणि बाप तेवढा ठेवला आणि खाली लिहून धाडला: बाबुश पाववालो. मागची गावपळण. धाडणारी, त्याची चेडू आपोलिना.

मधूने तो मला दाखवला. कोणी सांगितलं, ते लिहिलेलं होतं. कधीचं, तेही होतं. आणखी कोणी पाहिलंय? मी पाहिलंय. तिथेच, त्या सायकलच्या पलीकडे, मी उभा होतो.