पिशवीतला नारळ

झेंडूचा वास आला की मला अजून घाम फुटतो, कारण अमरावतीहून अकोल्याला जुनी गाडी बघायला गेलो तेव्हा पूजेचा हार आणि नारळ मी आधीच घेऊन गेलो, आणि पिशवी ठेवली ती थेट डीलरच्या टेबलावर. गुडघ्यांमुळे आईला एसटीची पायरी चढवत नव्हती, म्हणून गाडी हवीच होती. जवळ मात्र तीनच लाख होते. पत्र्याचं शेड तापलेलं, कूलर नुसताच घरघरत होता. डीलरने हाराकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "साडेतीनच्या खाली जमत नाही, दादा. तुमी तं पूजेची तयारी करूनच आले." आता उरलेले पन्नास हजार कुणाकडे मागायचे, याचा मी मनात हिशोब करू लागलो. तेवढ्यात सोबत आलेल्या बायकोने पिशवी उचलली. "तो नारय मूर्तिजापूरच्या गाडीसाठी आहे, भाऊ. तिथं तीनमधी ठरून राहिलं. तुमच्याकडं हे सहज डोकावले." मूर्तिजापुरात आम्ही कुणाला ओळखतही नव्हतो. ती दाराकडे चालू लागली. डीलर किल्ली बोटाभोवती फिरवत राहिला आणि मी त्या किल्लीकडे बघत राहिलो. ती उंबऱ्यापाशी पोचली तेव्हा किल्ली थांबली. "या वहिनी, तीनमधी घेऊन जा." परतताना मूर्तिजापूर मागे पडलं. तेव्हा मांडीवरचा नारळ सावरत ती म्हणाली, "मले पाहाले आले तवाबी तुमच्या पिशवीतून पेढ्याचा पुडा दिसत होता. माह्या बाबानं मंग देन्याघेन्याची गोष्टच काढली नाही."