आतल्या यादीतली नावं

दादा बुधवारी सकाळी अकोल्यात वारला. त्या दिवशी त्याची पुस्तिका छापखान्यात होती.

त्याच्या वह्यांना संत्र्याच्या सालीचा वास येतो. कडवट, किंचित तेलकट, पानागणिक मुरलेला. माझा हा थोरला भाऊ ट्रक चालवायचा. वरूडला माल भरेपर्यंत तो फळं निवडणाऱ्या बायांमध्ये बसे आणि त्यांच्या बोलण्यातले शब्द टिपून घेई. वहीच्या मागच्या पानांवर, शब्दांच्या क्रमानं, सांगणारीचं नाव. “कोनाचं बोलनं फुकट नाई घ्यावं,” तो म्हणे, “नाव त ठेवलंच पायजे.” पुस्तिकेत प्रत्येक शब्दापुढे नाव येईल, असं वचन त्यानं त्या बायांना दिलं होतं.

शब्द मी टाइप केले. नावं जोडायला पायथन या संगणकाच्या भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला. अमरावतीच्या कॉलेजात मी हीच भाषा शिकवते. फंक्शन म्हणजे प्रोग्राममधला कामाचा एक तुकडा; त्याला सामान द्यावं, त्यानं ते घडवावं आणि घडलेलं बाहेर पाठवावं. त्याच्या आत एखाद्या नावाखाली नवी वस्तू ठेवली, तर ती तिथल्यापुरतीच असते. बाहेर त्याच नावाची वस्तू असली तरी तिला धक्का लागत नाही, आणि फंक्शन संपलं की आतलं सारं विरतं, बाहेर पाठवलेलं तेवढं सोडून. किती शहाणा नियम! एकाच्या उलथापालथीनं दुसऱ्याचं घर विस्कटू नये, याची ती सोय आहे. वर्षानुवर्षं फळ्यावर मी तिचं कौतुक केलं.

मी फंक्शनला नुसत्या शब्दांची ‘यादी’ दिली. आत ‘यादी’ याच नावानं, नावं जोडलेली नवी यादी बांधली आणि आतूनच ती पडद्यावर उमटवली. बाहेर पाठवायची ओळ लिहायची राहिली.

लॅपटॉप घेऊन मी आजारी दादाच्या खाटेशी बसले होते.

“झालं का वं?”

“झालं, दादा. दिसून राहिलं पडद्यावर.”

“वाचून दाखव. मशीनवर भरोसा हाये माहा, तुह्यावर नाई.”

मी पाच-सहा शब्द नावांसकट वाचले. तो डोळे मिटून ऐकत होता. एका नावाला हसला. मग म्हणाला, “पाठव आता.” मी फाइल पाठवली. ती उघडून पाहिली नाही. पडद्यावर दिसलं होतं ना!

पुस्तिका तेरवीला वाटल्या. वरूडच्या बाया गाडी करून आल्या होत्या. त्यांच्यातली कौसल्याबाई वाचणारी. बोट फिरवत ती ‘कुटार’ या शब्दाशी थांबली. गुरांना घालायचा तो भुसा.

“हे त म्याच सांगतलं होतं भाऊले. माहं नाव काहून नाई, बाई?”

शेजारची पदराआड हसली. “तुहं नाव कोन छापते वं, कौसल्ये! भाऊ गेला, संगं नावं बी घेऊन गेला.”

मी पानं उलटत राहिले. एकही नाव नव्हतं. फाइलीतून छापखान्याला गेली होती ती बाहेरची यादी, नुसत्या शब्दांची, जशी होती तशी.

दादा समाधानानं गेला, असं घरचे म्हणतात. ते समाधान मी फंक्शनच्या आतून वाचून दाखवलेलं होतं, हे त्यांना कसं सांगू? आणि चूक काय त्या एका ओळीचीच? ट्रकवरून आलेल्या पैशांवर त्यानं मला शिकवलं. त्याचे आभार मी मनात कितीदा मानले, नेटक्या वाक्यांत, अगदी हुंदक्यासकट! आत सारं पूर्ण होतं. बाहेर त्याच्यापर्यंत पोचायचं “जेवलास का” एवढंच. माणूस आपल्याच आतलं पाहून काम झालं असं समजतो, आणि समोरचा मात्र होता तिथंच वाट पाहत राहतो.

प्रोग्राममध्ये आता ती ओळ आहे. नव्या प्रतींसाठी नावांसकट फाइल मी उघडून, शेवटच्या पानापर्यंत वाचून छापखान्याला दिली आहे. कौसल्याबाईच्या प्रतीत मी पेनानं तिचं नाव लिहून दिलं. वाटलेल्या बाकी प्रतींत नावांची जागा कोरी आहे.