किडा बाहेर सोडला

प्रोग्राममध्ये चूक घुसली की इंग्रजीत तिला बग म्हणतात, म्हणजे किडा. पुण्यामुंबईकडं हा किडा ‘मारतात’. आष्ट्याच्या संगणक कट्ट्यावर मात्र कुणी असं म्हणत नाही. तिथं म्हणायचं, ‘किडा बाहेर सोडला’. ही भाषा जिनेंद्रची.

जिनेंद्र खत-बियाण्यांच्या जैन दुकानदाराचा मुलगा. वीसेक वर्षांपूर्वी त्यानं दुकानामागच्या गोदामात युरियाची पोती एका अंगाला सारली, भंगारातनं आणलेले दोन संगणक मांडले आणि दर रविवारी दार उघडं टाकलं. फी नाही, सर्टिफिकेट नाही. फुकट वाटता येणारे, आत डोकावता येणारे प्रोग्राम आणायचे, खोलायचे, परत जुळवायचे. पहिला आला तो नाथाजी, आणि तो शिकायला नव्हे, भांडायला आला होता. पाणी-चळवळीतला गडी, दहावी नापास. यंत्रं माणसाचं काम खातात हे त्याचं ठाम मत. भांडता भांडता तो मराठी टायपिंग शिकला आणि चळवळीची पत्रकं स्वतःच जुळवू लागला.

एकदा दोघं दहिवडीला निघाले, माण तालुक्यातल्या पोरांना असाच कट्टा उभा करून द्यायला. मॉनिटर वाकळेत गुंडाळून मांडीवर घेतलेला. कंडक्टरनं त्याचं तिकीट मागितलं तसं नाथाजीनं बाह्या सरसावल्या. जिनेंद्र म्हणाला, “मास्तर, अर्धं फाडा. बाराच्या आतलाच हाय त्यो.”

पुढच्या रविवारी तो कंडक्टर गोदामात हजर. कट्टा वाढला तो असा. नाथाजी माणसं भांडून घालवी, जिनेंद्र ती हसवून परत आणी.

गेल्या वर्षी जिनेंद्रचं हृदय अचानक बंद पडलं. त्याच्या बायकोनं, गुणमालावहिनींनी, दुकान सांभाळलं आणि रविवारचं दारही उघडंच ठेवलं. पण माणसं पातळ होत चालली. कट्टा आपल्या तोंडापायी मोडणार, ही एकच धास्ती नाथाजीनं घेतली होती. बोलून मात्र कुणाला दाखवली नव्हती.

अशात साताऱ्याहून सयाजी आले. फौजेच्या सिग्नल विभागातनं निवृत्त झालेले सुभेदार. कट्ट्याच्या पाणीवाटपाच्या पत्रकात कित्येक दिवस एक किडा ठाण मांडून बसला होता: ‘शेतकऱ्यांनी’ म्हणून टाइप करावं, तर छापताना ‘शेतकर्यांनी’ उमटायचं. सयाजींनी चष्मा चढवला, फॉन्टची फाईल उघडली आणि चहा येईस्तोवर काम फत्ते केलं. मांडीवर थाप मारून म्हणाले, “मारला बघा किडा.”

कुणीतरी हळूच सांगितलं की हितं तसं म्हणत नाहीत.

“का? मला काय दीक्षा घ्यायचीय व्हय?”

नाथाजीचं टाळकं सटकलं. “सुभेदार, हे जिनेंद्रचं गोदाम हाय. त्याच्या धर्माचा मान ठेवायचा नसंल, तर साताऱ्याकडची गाडी लागंलच आता ष्टँडावर.”

सयाजींनी चष्मा खिशात घातला आणि ते चालते झाले.

गुणमालावहिनी गल्ल्यावरनं उठून आत आल्या. “भावजी, धर्माचं काय हुतं त्यात?”

“आवं वैनी, किडा मारायचा न्हाई म्हणूनच की.”

“दुकानात कीटकनाशकं कोण विकत हुतं मग? तुमी?” त्यांनी सरळ त्याच्याकडं बघितलं. “कुणाची चूक घावली की तुमी त्या माणसालाच मारायला उठायचा. मग हे म्हणाले, नाथाला गार करायला एक शब्द काढतो. दुसऱ्या रविवारपासनं लागले किडं बाहेर सोडायला.”

नाथाजी पोत्यावर बसला. इतकी वर्षं त्यानं तो शब्द झेंड्यासारखा मिरवला होता. साताऱ्याच्या मेळाव्यात तर ‘संगणक आणि अहिंसा’ असं भाषण ठोकलं होतं. जिनेंद्र तेव्हा पहिल्या रांगेत, तोंडाला रुमाल लावून, खांदे हलवत बसला होता. सर्दी झाली असेल, असं नाथाजीला वाटलं होतं.

“लय बेणं हुतं,” तो म्हणाला, आणि त्याला हसू फुटलं. वहिनींनाही.

मग तो तडक ष्टँडावर गेला. सयाजी बाकावर ताठ बसले होते. माफी या शब्दाला नाथाजीची जीभ कधी वळली नव्हती, आजही वळेना. त्यानं दोन चहा सांगितले, शेजारी बसला आणि सगळी हकिकत सांगितली, रुमालासकट. सुभेदारांचं पोट आधी हललं, मिशा नंतर.

“म्हंजे एवढी वर्सं तुमाला कुणी बोललं न्हाई?”

“त्योच बोलला असता कवातरी. राहून गेलं त्याचं.”

“मी मात्र मारलाच म्हणणार, आदीच सांगतो.”

“म्हणा की. पर येत जावा.”

गाडी लागली, भरली, निघून गेली. सयाजी उठले नाहीत. चहा संपवून दोघं गोदामाकडं वळले. ‘ऱ्या’चं घोडं नेमकं कुठं अडलं होतं ते सयाजी वाटभर समजावत होते. नाथाजीला त्यातलं निम्मं पटत नव्हतं, तरी तो मधे न तोडता ऐकत होता.