पांढरी दोन, गंधार कोमल

‘ग्रेव्ह, डी मायनर’ ह्याचा अर्थ मी पन्नास माणसांसमोर ‘डी नावाच्या अज्ञान बालकाची समाधी’ असा सांगितला. सांगताना आवाजही भरून आणला होता.

माझी बाजू ऐकून घ्या. मी बनारसच्या कचेरीत बत्तीस वर्षं पेशकार होतो. साहेबांच्या शेजारी बसून मुकदम्यांचे कागद पुढं सरकवायचे, हे काम. तिथं मायनर म्हणजे नाबालिग, आपल्या मराठीत अज्ञान. आणि अज्ञान मुलाचं नाव कागदावर उघड करत नाहीत, नुसतं एखादं अक्षर घालतात. तेव्हा ‘डी’ बघून मला काडीची शंका आली नाही. ग्रेव्ह म्हणजे थडगं, हे तर शाळेपासून पाठ.

हे शब्द होते माझ्या पुतणीनं दिलेल्या चिठ्ठीवर. ती व्हायोलिन वाजवते, तेही विलायती पद्धतीनं, आणि पुढं शिकायला तिला पुण्याला जायचं होतं. अडून बसला होता तो तिचा बाप, म्हणजे माझा थोरला भाऊ. दादा पौरोहित्य करतो. कान असा, की देवळातल्या घंटेचाही सूर सांगेल. त्याचं म्हणणं, “विलायती वाजवण्यात तयारी असते, पण आत काही हलत नाही. मला एकदा ऐकव. हललं तर जा पुण्याला. नाही हललं तर इथं बसून खयाल वाजव.”

म्हणून दूधविनायकच्या आमच्या गल्लीतल्या सभागृहात एका रविवारी दुपारी बैठक ठरली. तीनशे वर्षांपूर्वीच्या कुणा इटालियन माणसाची पाच मिनिटांची रचना. एक व्हायोलिन पुतणीचं, दुसरं तिच्या मैत्रिणीचं. खर्ज धरायला चेलोवाला मिळेना, म्हणून पेटीवर वहिनी. आणि म्हाताऱ्या मंडळींना मराठीत चार शब्द सांगायला मी.

“काका, सकाळी रिहर्सलला या हं. सगळं समजावते,” असं पुतणीनं बजावलं होतं. मी सकाळी गंगेपलीकडं रामनगरला गेलो. तिथल्या वांग्यांसारखं भरीत दुसऱ्या कशाचं होत नाही, आणि रविवार होता. पुलावर गाड्या अडकल्या. मी पोचलो तेव्हा माणसं बसलेली, पेटी उघडलेली, वांग्यांची पिशवी माझ्या हातात. पुतणीनं चिठ्ठी पुढं केली. वर ‘ग्रेव्ह, डी मायनर’, खाली ‘अलेग्रो’. अलेग्रो हे मी गावाचं नाव ठरवलं.

“इटलीत अलेग्रो नावाचं एक लहानसं गाव आहे,” मी सुरुवात केली. आता गाव आलं म्हटल्यावर नदी आली. नदीकाठची समाधी आली. समाधीशी बसलेला बाप मी वरून घातला.

पुतणीचे डोळे मोठे होत गेले. ते मी भारावल्याचं लक्षण समजलो.

वाजवणं सुरू झालं. खरं सांगतो, सुंदर होतं. एकेक सूर पायरी चाचपत उतरावा तसा येत होता, आणि दुसरं व्हायोलिन मागून त्याचा हात धरत होतं. सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले. दादानं उपरण्यानं डोळे टिपले. मी मनात म्हटलं, झालं पोरीचं पुणं, आणि निम्मं श्रेय आपलं.

एवढ्यात दुसरा भाग सुरू झाला. टणाटण उड्या मारत! समाधीपाशी वरात आल्यासारखा. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. पुढच्या रांगेतल्या एक आजी डोळ्यांवरचा पदर खाली घेऊन शेजारणीला मोठ्यानं म्हणाल्या, “पोर जगलं वाटतं गं!”

वाजवून संपलं आणि पुतणी माझ्या अंगावर आली. “हद है, काका! ते ग्रेव्ह नाही, ग्रावे! ग्रावे म्हणजे सावकाश, गंभीर. आणि अलेग्रो म्हणजे द्रुत. कोण मेलं, कुठं मेलं?”

त्या सभागृहात अज्ञान एकच होता, आणि त्याला पेन्शन मिळते.

लोक हसले. दादा हसला नाही. “म्हणजे मी रडलो ते ह्याच्या थापेला,” तो म्हणाला. “हे नाही धरता येत.”

पुतणीचा चेहरा उतरला. मी काहीतरी बोलायला उठलो, तर वहिनीनं पेटीवरूनच सुनावलं, “भाऊजी, तुम्ही वांगी धरून बसा.”

“परत वाजव,” दादा पोरीला म्हणाला. “गोष्ट नको. सूर कुठला तेवढं सांग.”

“डी म्हणजे पेटीची पांढरी दोन, बाबा. मायनर म्हणजे गंधार कोमल, धैवत कोमल. लय विलंबित.”

“बस्स. एवढंच तर हवं होतं.”

ह्या वेळी दादा रडला नाही. डोळे मिटून बसला. बोटं मांडीवर नुसती टेकलेली. दोन मिनिटांचा तो सावकाश भाग संपला, पुतणीनं तारांवरून गज उचलला, आणि दादानं खाडकन डोळे उघडले.

“पंचमावर का सोडलंस? घरी ये की! षड्ज कुठाय?”

पुतणी हसली. त्या दुपारी पहिल्यांदाच. “म्हणून तर पुढं द्रुत आहे, बाबा.”

“मग थांबलीस कशाला? माझा जीव टांगलाय इथं!”

तिनं गज टेकवला. दादाची बोटं मांडीवर ताल धरू लागली, मग मान, आणि शेवटी षड्ज आला तेव्हा त्यानं ‘हां!’ म्हणून अशी थाप मारली, की शेजारचे गृहस्थ दचकले.

“पुण्याचं तिकीट काढ,” तो पोरीला म्हणाला.

मी पिशवीसकट पुढं झालो. म्हटलं, “दादा, सुरुवात जरा चुकली, पण वातावरण मीच—”

दादानं माझ्याकडं न बघता सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “माझ्या तेराव्याला ह्याला बोलायला उभं करू नका. बारसं आहे म्हणून सांगेल.”