रंगाखालची भोकं

तिला सगळे भिंगरीच म्हणायचे. लहानपणी पायाला भिंगरी लावल्यासारखी घरभर फिरायची, म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव. बावन्न वर्षांची झाली, केस पिकले, तरी ना नाव सुटलं ना सवय. कपडे शिवायच्या कारखान्यात तिनं वीस वर्षं मशीन चालवलं. कारखाना बंद पडला त्या आठवड्यात तिनं घरातले सगळे डबे घासले, धड असलेले पडदे उसवून पुन्हा शिवले. बसच्या नोकरीतून निवृत्त झालेला नवरा म्हणाला, "अगं, आता मलाही धुऊन वाळत घालणार आहेस का?"

दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेला टाकलेली तीनपायी खुर्ची तिनं घरी आणली. तिचे वडील सुतार होते. लेकीनं हत्याराला हात लावलेला त्यांना खपत नसे, पण बघायला कोण अडवणार? बघून बघून शिकलेलं आता बोटांत उतरलं. खुर्चीला चौथा पाय बसला. मग एक टेबल आलं, मग स्टुलं आली, आणि दुरुस्त केलेलं विकलंही जाऊ लागलं. इमारतीखालची गाडी ठेवायची खोली तिनं बळकावली आणि नवऱ्याची स्कूटर उन्हात आली.

तिसऱ्या वर्षी जुन्या बाजारातून तिनं पुस्तकांचं एक लाकडी कपाट उचललं. शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंच्या ते मनात भरलं. त्यांना ते पांढरं हवं होतं आणि रविवारच्या आत हवं होतं. बहीण कायमची राहायला येणार होती आणि पुस्तकं खोक्यांत पडून होती. भिंगरीला घाई कधी वावडी नव्हती. पण घासताना मागच्या फळीवर तिला भोकं दिसली. सुईनं टोचल्यासारखी, पंधरा-वीस. लाकूड पोखरणारी कीड. भोकाभोकात औषध सोडायचं, कपाट प्लास्टिकमध्ये गुंडाळून तीन आठवडे ठेवायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भोकं जुनी असतील, कीड मेली असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. भोकांत लांबी भरून ती बुजवली, पॉलिश पेपर फिरवला, वरून पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. रविवारी सकाळी कपाट बाईंकडे पोचलं.

मंगळवारी खालची खोली झाडताना कपाट होतं त्या जागेवर तिला पिठासारख्या भुशाची चिमूट दिसली. बोटांत चोळून पाहिली. फिकट, ताजी. रंग देण्याआधी खोली झाडली होती, म्हणजे ही नंतर पडलेली. कीड जिवंत होती.

त्या दिवसापासून तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. दूध दोनदा उतू गेलं. भाजी चिरायला घेई आणि अर्धी टाकून खाली खोलीत जाई. नवऱ्यानं समजूत घातली, की जुन्या लाकडात असं चालायचंच, दोन वर्षं तरी कुणाला पत्ता लागणार नाही.

"मला लागलाय ना," ती म्हणाली.

शुक्रवारी ती बाईंच्या इमारतीपर्यंत दोनदा जाऊन परत फिरली. तिसऱ्यांदा वर चढली. दोघी बहिणी पुस्तकं लावत होत्या. बाईंनी खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही.

"बाई, कपाटाला कीड आहे. मला भोकं दिसली होती. मी ती बुजवून वरून रंग मारला."

"दिसली होती?"

"हो."

बाईंनी हातातलं पुस्तक मिटलं. त्या ओरडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. कालच तीन घरी तुमचं नाव सांगितलं, आता त्यांना थांबा म्हणून सांगावं लागेल, एवढंच त्या शांतपणे म्हणाल्या. बहीण पुस्तकं खाली उतरवू लागली.

कपाट परत आलं. मागची फळी काढली तर आतून नुसती चाळण. दोन फळ्या बदलल्या, उरलेल्या भोकांतली लांबी उकरून इंजेक्शनच्या सुईनं औषध सोडलं, प्लास्टिक गुंडाळलं. आता एकवीस दिवस थांबायचं, आणि थांबणं तर तिला जन्मात जमलं नव्हतं. दर तासाला ती कपाटाभोवती फेरी मारी, कान लावी. शेवटी नवऱ्यानं आपली खुर्ची तिथेच आणून टाकली आणि तो पहाऱ्याला बसला. "आजारी कोण आहे, कपाट की तू?" त्यानं विचारलं. तिनं पुन्हा कपाटाला कान लावला.

प्लास्टिक सोडल्यावर खाली काळा कागद अंथरून तिनं आणखी आठ दिवस वाट पाहिली. कागदावर कणही पडला नाही. बाई स्वतः बघायला आल्या. पुन्हा पांढराच हात देऊ का, असं तिनं विचारलं.

"नको. रंग खरवडून नुसतं पॉलिश करा. मला भोकं दिसायला हवीत."

ते तिला झोंबलं. चार दिवस खरवडून तिनं रंगाचा शेवटचा पोपडा काढला आणि लाखेचं पॉलिश चढवलं.

तीन घरांपैकी एकाच घरी बाईंनी तिचं नाव पुन्हा सांगितलं, तेही दोन महिन्यांनी. तिथे जुना पलंग होता. माप घेण्याआधी ती टॉर्च घेऊन जमिनीवर आडवी झाली आणि पलंगाखाली शिरली. घरातली सून बघतच राहिली. बाहेर येऊन भिंगरीनं सांगितलं, की कीड आहे, महिना लागेल, घाई असेल तर आत्ताच नाही म्हणा.

विचार करून कळवतो, असं घरच्यांनी सांगितलं. चार दिवस ती फोनभोवती घुटमळत राहिली. पाचव्या दिवशी पलंग दारात आला.